छातीत पेटी, हातात कासरा

तेजराम मेला तेव्हा त्याच्या छातीतली पेटी चालूच होती, असं दिघोरीत अजूनही सांगतात. पेटी चालू असताना माणूस मेलाच कसा, यावर पानठेल्यावर अर्धा अर्धा तास वाद रंगतो. सगळं खोटं आहे. पेटी त्याच्या मरणाच्या सहा दिवस आधी काढली होती, आणि ती काढत होते तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो होतो. लोकांना खरं सांगायला गेलं की ते माझ्याकडे असे पाहतात जसं काही मीच त्यांची गंमत बिघडवली. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

तेजराम माझ्या बरोबरीचा. चौथीपर्यंत आम्ही एकाच टाटपट्टीवर बसलो. पुढे मी शिकलो आणि आमच्याच गावच्या शाळेत मास्तर झालो, तो बैलांच्या मागे गेला. घरी तीन एकर धानाची शेती होती, पण ती खऱ्या अर्थानं बघायची त्याची बायको शकुनबाई. तेजरामचं मन शेतात कधी नव्हतंच. तो धुरकरी होता, म्हणजे शंकरपटात बैलजोडी हाकणारा.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव पट भरतात. शेजारी शेजारी दोन सरळ पट्ट्या आखतात, प्रत्येकीवर एक जोडी. जोडीमागे दोन चाकांची हलकी छकडी, तिच्यावर वीतभर फळी, आणि त्या फळीवर डाव्या हातात दोन्ही बैलांचा कासरा आणि उजव्या हातात टोचणी धरून बसलेला माणूस. झेंडी पडली की बैल सुटतात, आणि पाहणाऱ्याचा घोट गिळून होईपर्यंत जोडी दुसऱ्या टोकाला पोचलेली असते. तेवढ्या वेळात धुरकऱ्याची हाडं न् हाडं खिळखिळी होतात. कोणी फेकला जातो, कोणी चाकाखाली येतो. तरी पुढच्या वर्षी तोच माणूस लंगडत लंगडत फळीवर बसायला हजर. याला शौक म्हणतात. मी याला मूर्खपणा म्हणत आलो, आणि दरवर्षी पहिल्या रांगेत उभा राहत आलो.

जोडी तेजरामची नव्हे. ती कोंढ्याच्या भैय्याजींची, धानाचे मोठे व्यापारी ते. कबऱ्या आणि लखन अशी बैलांची नावं. बैल भैय्याजींचे, जिंकलेली ढाल भैय्याजींची, तेजरामचे फक्त दोन हात. पण जोडी जिंकली की लोक नाव तेजरामचं घ्यायचे. शर्यत संपली की तो छकडीवरून उतरून, कोण जिंकलं हे न विचारता, आधी दोन्ही बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवायचा. जोखडानं खांदा घासला असेल, सुजला असेल, तर त्याला डोळे मिटूनही कळायचं. आसपासचे शेतकरी आपापले खांदा आलेले बैल घेऊन त्याच्या अंगणात यायचे. तो बिबा गरम करून त्याचं तेल सुजेवर टोचायचा, वरून फडकं गच्च बांधायचा आणि म्हणायचा, “आठ रोजानं जुंपजो.” दहातले आठ बैल बरे व्हायचे. उरलेल्या दोघांबद्दल कोणी बोलत नसे.

एक्क्याऐंशी सालच्या पावसाळ्यात धानाची रोपं लावताना, म्हणजे रोवणीत, तेजराम बांधीत पडला. चिखलात तोंड खाली करून पडला, आणि शेजारी रोवणी करणाऱ्या रंभाबाईनं केस धरून वर ओढला म्हणून वाचला. मिनिटभरात उठून बसला आणि विचारू लागला, काय झालं. चार दिवसांनी पुन्हा पडला, विहिरीच्या काठावर. गावानं मिरगी ठरवून टाकली. कोणी कांदा हुंगवला, कोणी जोडा हुंगवला. तेजराम म्हणाला, “आता ज्यानं मी मार खाल्ला तो जोडा तं नोका हुंगवू.” शेवटी मी त्याला एस्टीत घालून लाखांदूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत बसले. मला वाटलं त्यांना झोप लागली. नाडी मिनिटाला तीस पडत होती. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला नागपूरला पिटाळलं.

नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात हृदयाचे डॉक्टर पुण्याकडचे होते, वयानं आमच्यापेक्षा लहान. माणूस चांगला. मला समोर बसवून त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाला ठोका टाक म्हणून वरून जो निरोप येतो तो याच्या बाबतीत वाटेतच अडतो. मग हृदय आपल्या मनानं कसंबसं चालतं, मध्येच थांबतं, आणि माणूस पडतो. उपाय एकच, डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक पेटी ठेवायची, तिच्यातून एक तार हृदयात सोडायची, पेटी ठरल्या वेळी ठोका देत राहील. पेटी विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. एका संस्थेनं वापरलेली पेटी साफ करून दिली. म्हणजे आधी ती दुसऱ्या कोणाच्या तरी छातीत होती आणि तो माणूस गेला होता. मी हे तेजरामला सांगू की नको या विचारात, तर त्यानं दारातूनच ऐकलेलं. “ज्याची होती त्यानं पट पायला नसन कधी,” तो म्हणाला. “आता त्याची पेटी पायन.”

तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं.

सुटी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी नियम सांगितले. दोन महिने डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मोठ्या लोहचुंबकापाशी, वेल्डिंगपाशी जायचं नाही. छातीवर मार बसू द्यायचा नाही. रोज सकाळी नाडी मोजायची, सत्तरच्या खाली गेली की निघून यायचं. आणि पेटीवरची कातडी लाल झाली किंवा सुजली, तर एक दिवसही थांबायचं नाही. मी वहीत उतरवून घेत होतो. तेजरामनं टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला आणि पुटपुटला, “इचार नं मास्तर, बैलगाडी चालते का.”

मी विचारलं, “डॉक्टरसाहेब, हा बैलगाडी हाकतो. चालेल का?”

डॉक्टर हसले. “बैलगाडी? दोन महिन्यांनी खुशाल हाका. आजारी असल्यासारखं घरात बसून राहू नका.”

त्यांच्या डोळ्यांपुढे धानाची पोती घेऊन कुईकुई करत जाणारी गाडी होती, हे मला दिसत होतं. तेजरामच्या डोळ्यांपुढे काय होतं तेही दिसत होतं. दोघांच्या मध्ये बसलेला मी एकटा दोन्हीकडचं बघू शकत होतो. मी वहीत लिहिलं, बैलगाडी चालेल. का गप्प राहिलो? मनाला खूप कारणं सांगून पाहिली आहेत. खरं कारण हलकं आहे. पंधरा दिवस तेजरामचा पडलेला चेहरा पाहिला होता, आणि ते ‘खुशाल’ ऐकून त्याच्या तोंडावर जे उजाडलं ते मला विझवायचं नव्हतं. शिवाय डॉक्टर इतका वेळ मला शिकलेला माणूस म्हणून वागवत होते. पट म्हणजे काय हे त्यांना सांगून आम्ही किती अडाणी आहोत ते दाखवायची लाज वाटली.

घरी शकुनबाईनं नाडीचं काम आपल्याकडे घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं आणि शंभरापर्यंत मोजताना ती अडखळायची, पण इसांत मोजणं तिला पक्कं येत होतं. मी तिला माझं जुनं घड्याळ दिलं. सेकंदाचा काटा वर आला की ती नवऱ्याचं मनगट धरून ओठ हलवायला लागायची, आणि काटा फिरून आला की म्हणायची, “साडेतीन इसा. हाय बराबर.” साडेतीन विसा म्हणजे सत्तर. दीड वर्षं रोज सकाळी हाच आकडा आला. एकदाही चुकला नाही. त्या घराचा त्या आकड्यावर जो विश्वास बसला तो देवावरही नव्हता.

ब्याऐंशीचा पट आला तेव्हा भैय्याजींनी तेजरामला विचारलंसुद्धा नाही. पवनीकडून इश्वर नावाचा धुरकरी आणला. बापडा काही वाईट नव्हता, पण कबऱ्या-लखनला त्याचा हात माहीत नव्हता. तेजराम पट्टीच्या कडेनं बांधलेल्या दोराला लागून खाली बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना हात-हात जागा मोकळी. एवढ्या गर्दीत लोक एकमेकांच्या डोक्यावर चढलेले, आणि त्याच्या शेजारी कोणी टेकेना. छातीत करंट आहे, हात लागला तर झटका बसतो, अशी गावात हूल उठलेली. एका बाईनं आपलं लेकरू त्याच्या जवळून ओढून घेतलं. मी मुद्दाम जाऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलो. तो म्हणाला, “पाय मास्तर, करंट लागन.” मला हसू आलं नाही, आणि त्यालाही आलं नाही.

जोडी हरली. इश्वर उतरला आणि सरळ पाणी प्यायला गेला. बैलांच्या खांद्यांकडे कोणी पाहिलं नाही. तेजराम उठून त्यांच्यापर्यंत गेला, तर भैय्याजींच्या गड्यानं त्याला हातानंच लांब थांबवलं. बैल बिचकतील म्हणे. घरी येऊन तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, “पेटी ठोके देऊन राहिली मास्तर. पण कायच्यासाठी देऊन राहिली ते तिले इचाराले पायजे.”

त्या वर्षीच्या दसऱ्याला तो सोनं द्यायच्या निमित्तानं कोंढ्याला गेला, मला ओढून घेऊन गेला. भैय्याजी गादीवर बसले होते. त्यांनी त्याच्याशी न बोलता मला विचारलं, “पुंडलिकराव, डॉक्टर काय म्हणतात? माझ्या जोडीवर माणूस मेला असं व्हायला नको.”

मी म्हणालो, “बैलगाडीला हरकत नाही म्हणाले.”

भैय्याजींनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांनाही सोयीचं उत्तर हवं होतं. इश्वरच्या हाती जोडी हरली होती. त्यांनी पुढे विचारलं नाही, जोडी पुन्हा तेजरामच्या हाती दिली.

गावी आलो तर शकुनबाई माझ्या दारात उभी. ती कधी कोणाच्या दारात जाणारी नव्हे. तिनं विचारलं, “गुरुजी, पटाचं इचारलं होतं का डॉक्टरले?”

“गाडीचं विचारलं होतं, वहिनी,” मी म्हणालो. “गाडी ती गाडीच.”

ती म्हणाली, “तुमी हाव म्हणता तं मी अडवत नाई त्याईले.” आणि गेली. ते वाक्य मी अजून ऐकतो, दिवसातून एकदा तरी.

आता तेजरामच्या जिवाला एकच घोर लागला. छकडीच्या धक्क्यानं पेटी जागची हलली तर? मरायची भीती त्याला होती, नव्हती असं नाही. पट हाकायचा, पण नीट सांभाळून हाकायचा, असं त्यानं ठरवलं होतं, आणि सांभाळायचं कसं याबद्दल त्याला शिकवायला कोणी लागत नव्हतं. आयुष्यभर तो बैलांच्या खांद्यांचाच जाणकार. मला त्यानं अंगणात बसवून समजावलं, “जोखड ढिलं असलं का हालते. हाललं का घासते. घासलं का खांदा येते. घट बसवलं तं काई होत नाई.” मग त्यानं कापसाची एक गादी शिवून पेटीवर ठेवली आणि तिच्यावरून दुपट्ट्याचे सात वेढे छातीभोवती असे आवळले की त्याला नीट खोकता येईना. शकुनबाई वेढे धरायला मदत करायची. दिवाळीनंतर सराव सुरू झाला तसं ते बांधणं रोजचं झालं. पुढे पुढे सवय व्हावी म्हणून तो ते अंगावर घेऊन झोपायला लागला. घामानं दुपट्टा ओला व्हायचा, वाळायचा, कडक व्हायचा. सकाळी नाडी साडेतीन विसा.

मी ते पाहत होतो आणि मला ते शहाणपणाचं वाटत होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर सगळे म्हणाले की आम्हाला वाटलंच होतं. कोणाला काही वाटलं नव्हतं. उलट माणूस किती काळजी घेतो म्हणून लोक त्याचं कौतुक करत होते.

पट मंगळवारी होता. त्याच्या आधीच्या सोमवारी, म्हणजे आठ दिवस अगोदर, शाळा सुटल्यावर तेजरामनं मला बैलांच्या कोठ्यात बोलावलं आणि सदरा वर केला. पेटीवरची कातडी लालबुंद, ताणून चकाकलेली, आणि एका कोपऱ्यावर इतकी पातळ की आतल्या पेटीची कड उमटली होती. हात लावला तर गरम.

“खांदा आला,” तो हसून म्हणाला.

“उद्या नागपूर,” मी म्हणालो. “डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक दिवस थांबायचं नाही. वहीत लिहिलेलं आहे माझ्या.”

“गेलो तं ठेवून घेतीन मले. मंगळवारी पट हाय. झाला का बुधवारच्या पयल्या एस्टीनं निंगतो. तुही शपत.” आणि मग, मला काही बोलू न देता, “दोन सालं झाले मास्तर. मले एकडाव बसू दे. हे मी कितीक बैलाइचं बरं केलं. बिबा लावतो, आठ रोजात सूज बसते.”

मी म्हणालो, “शकुनवहिनीला सांगतो.”

“सांगजो. पण बुधवारी सांगजो.”

मी बुधवारी सांगायचं कबूल केलं. तो मोठा होता, घोडा झालेला, स्वतःच्या जिवाचा मालक, वगैरे सगळं मी स्वतःला समजावलं. रात्री त्यानं दिव्यावर बिबा तापवून त्याचं तेल त्या लाल कातडीवर टोचलं आणि वरून सात वेढे आवळले. बैलाची कातडी जाड असते. माणसाची कातडी, आणि तीही आधीच झिजून कागद झालेली, बिब्यानं काय होतं हे त्याला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. त्याला माहीत करून घ्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शकुनबाईला त्यानं बांधण्याला हात लावू दिला नाही. म्हणाला, बसलेलं जोखड सोडलं तर पुन्हा तसं बसत नाही.

मंगळवारी त्यानं जोडी हाकली. मी पहिल्या रांगेत होतो. झेंडी पडायच्या आधी तो कासरा हाताला गुंडाळत होता तेव्हा त्याचं तोंड पिवळं पडलेलं मला दिसलं. मग झेंडी पडली आणि काही दिसलं नाही, फक्त धूळ आणि कबऱ्याच्या पाठीवर ओणवा झालेला तेजराम. मध्ये एका ठिकाणी छकडी एका चाकावर उचलली गेली. माझ्या शेजारच्या माणसानं डोळे मिटले. मी मिटले नाहीत, एवढं तरी माझ्या नावावर असावं. छकडी पुन्हा खाली आदळली, तो फळीवरच होता, आणि जोडी दुसऱ्या जोडीच्या तीन हात पुढे होती.

तो उतरला. दोन्ही बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवला. मग लोकांनी त्याला उचललं. ज्यांनी मागच्या वर्षी करंट लागतो म्हणून अंग चोरलं होतं, त्यांनीच आता खांद्यावर घेतला, आणि पेटी कुठे आहे, पेटी कुठे आहे, करत त्याच्या छातीला हात लावून पाहू लागले. प्रत्येक हातासरशी तो दात आवळत होता आणि हसत होता. शकुनबाईनं गर्दीत घुसून त्याचं मनगट धरलं. घड्याळ तिच्या पदरालाच बांधलेलं होतं. मिनिटभर ती तशीच ओठ हलवत उभी राहिली आणि मग रडायला लागली, सुखानं. साडेतीन विसा.

बुधवारची एस्टी त्यानं सोडली. भैय्याजींनी कोंढ्याला सत्कार ठेवला होता. मीही त्या सत्काराला गेलो, जेवलो, भाषण केलं. गुरुवारी पहाटे त्याला थंडी वाजून ताप भरला. शकुनबाईनं न विचारता दुपट्टा सोडला. शेवटचा वेढा कातडीला चिकटलेला होता, तो पाण्यानं भिजवून काढावा लागला. ती माझ्याकडे धावत आली. “नाडी साडेतीन इसाच हाय गुरुजी,” ती म्हणाली, “पण पेटी दिसून राहिली.”

मी जाऊन पाहिलं. बिबा उतला होता. वीतभर जागा फोडांनी भरलेली, आणि मधोमध कातडी फाटून आतला पांढरा धातू दिसत होता, पुवात बसलेला. मी इतकी वर्षं पोरांना दटावत आलो, पण त्या दिवशी मला कोणीतरी कानाखाली वाजवावी असं वाटत होतं.

नागपूरला पोचायला संध्याकाळ झाली. तेच डॉक्टर होते. त्यांनी पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. हे कशानं झालं? तेजराम म्हणाला, बिबा लावला. कापड का बांधलं होतं? तेजराम तापात होता तरी हुशारी गेली नव्हती. म्हणाला, “थंडी होती साहेब.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

त्यांनी पेटी काढली, तारही ओढून काढली, आणि मानेच्या शिरेतून दुसरी तात्पुरती तार हृदयात घालून ती पलंगाला टांगलेल्या एका डब्याला जोडली. आता तेजरामला कूससुद्धा बदलायची नव्हती. तार हलली तर ठोका जाईल. छातीवरची जखम उघडीच ठेवलेली. विष रक्तात गेलं आहे, औषधानं उतरलं तर उजव्या बाजूला नवी पेटी बसवू, असं डॉक्टर म्हणाले. उतरलं तर.

चौथ्या दिवशी ताप जरा कमी झाला. मी पलंगापाशी बसलो होतो. तेजरामनं मान न हलवता डोळे माझ्याकडे फिरवले. “उजवीकडं टाकतीन म्हणते नवी पेटी.”

“हो.”

“मंग डावी बाजू मोकळी झाली. कासरा तं डाव्याच हातात असते.” थोडं थांबून, “म्हणजे चालते नं मास्तर?”

शकुनबाई पायाशी बसून होती. तिच्यासमोर तो मला विचारत होता, आणि पुन्हा मीच सांगायचं होतं.

“चालते,” मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. त्या रात्री ताप पुन्हा चढला, त्यानंतर त्याला माणूस ओळखू आला नाही, आणि दोन दिवसांनी, बुधवारी दुपारी, तो गेला. त्याचं वय सत्तेचाळीस होतं.

कागद तयार व्हायला वेळ लागत होता. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि आमच्या बाकासमोर उभे राहिले. असे उभे राहणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. शकुनबाईनं पदर सावरला आणि दीड वर्षात पहिल्यांदा ती स्वतः त्यांच्याशी बोलली.

“साहेब, पट हाकला म्हणून गेले का ते?”

“पट?” डॉक्टर म्हणाले. “पट म्हणजे काय?”

त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. पट्ट्या, छकडी, फळी, कासरा, सात वेढे, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर ते शकुनबाईकडे वळून हळू बोलले, तिला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून.

“पटानं नाही गेले, बाई. धक्क्यांनी त्यांच्या पेटीला काही झालं नव्हतं. तारही जागेवर होती, आम्ही पाहिलं. ती कातडी आवळून आवळून झिजली आणि तिथून विष आत गेलं. मला विचारलं असतं तर मी आधी नकोच म्हणालो असतो. तरी ऐकणार नाहीत असं दिसलं असतं, तर एवढंच सांगितलं असतं, की बसायचं तर बसा, पण छातीवर काही बांधू नका.”

ते गेले. शकुनबाई बाकावर माझ्या शेजारी बसली होती, मध्ये वीतभर जागा.

“एवढंच इचाराचं होतं, गुरुजी?” ती म्हणाली.

“हो वहिनी,” मी म्हणालो. “एवढंच.”